खर्जाला वजन लागतं

कीर्तनाला माणसं जमू लागलेली असतात, पेटीवाला सूर धरून बसलेला असतो आणि मृदंगवाल्याची मात्र वेगळीच लगबग चाललेली असते. वाटीत थोडी कणीक, तांब्यात पाणी. कणीक मळून तो तिचा गोळा पखवाजाच्या डाव्या तोंडावर, म्हणजे धुमेवर, थापतो. बोटांनी पसरवतो, एक थाप मारून ऐकतो, चिमूटभर आणखी लावतो किंवा कडेची खरवडून काढतो. धूम मनासारखी बोलली की हात पुसतो. चिखली असो, मेहकर असो की घाटाखालचं एखादं खेडं असो, बुलढाणा जिल्ह्यात एकदा जरी सप्ताह पाहिला असेल तरी हे काम डोळ्यांसमोर असतं.

आवाज खालीच आणायचा तर एवढा खटाटोप कशाला? वाद्या ढिल्या केल्या, कातडं सैल सोडलं की आवाज उतरतोच. पण सैल कातड्याचा आवाज नुसता उतरत नाही, तो विस्कटतो. त्यात फडफड येते, गोलाई जाते. कातड्याचा ताण तसाच ठेवून त्यावर कणकेचं वजन चढवलं की आवाज खाली येतो आणि भरीवही राहतो. खालचा सूर सैलपणातून मिळवता येतो आणि वजनातूनही मिळवता येतो. आपल्या मृदंगवाल्यांनी वजनाची बाजू कधीच घेऊन ठेवली आहे.

हा लेख बेस गिटारच्या तारांविषयी आहे. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, जयंतीच्या स्टेजवर, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये हातात बेस घेऊन मागच्या रांगेत उभा राहणारा जो मुलगा असतो, त्याला पडणारे प्रश्न नेमके हेच असतात. तार कोणती लावायची? ती हाताला कशी लागेल? आणि गाणं खालच्या पट्टीत न्यायचं झालं तर नुसती खुंटी सोडायची की तारच बदलायची?

तीन वाटा

ताणलेल्या तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि वजन. मारँ मर्सेन या फ्रेंच पाद्र्याने १६३६ साली छापलेल्या ग्रंथात हा हिशोब मांडला. तार दुप्पट लांब केली तर सूर एक सप्तक खाली जातो. ताण मात्र निम्मा करून तेवढं साधत नाही, तो चौथ्या हिश्श्यावर आणावा लागतो. आणि लांबी, ताण दोन्ही तसेच ठेवून सप्तकभर खाली उतरायचं तर तारेचं वजन चौपट हवं.

हे तिन्ही नियम आपल्या जिल्ह्यातल्या वाद्यांत वेगवेगळे ऐकायला मिळतात. गोंधळ्याच्या किंवा वाघ्याच्या हातातलं तुणतुणं घ्या. एक तार, एक खुंटी, खाली कातडं मढवलेला डबा. खुंटी पिळून गाणाऱ्याच्या सुराशी तार जुळवली की रात्रभर तोच एक सूर. सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मोत्सवात, १२ जानेवारीला, शाहिराच्या मागे तुणतुणं धरणारा झीलकरी तारेवर एकच सूर टिकवत असतो, आणि पोवाड्याची सगळी चढउतार त्याच्या आधाराने होते.

देवीच्या भक्तांचं चौंडकं त्याच्या अगदी उलट. त्याची तार आतड्याची, आणि वाजवता वाजवता तिचा ताण कमी-जास्त करायचा हेच त्याचं वादन. ओढली की सूर वर, सोडली की खाली, आणि मधला सगळा झोका कानावर पडतो. इथे सैलपणा दोष ठरत नाही, तोच अलंकार असतो. पण चौंडक्यावर कुणी षड्ज लावून गायला बसत नाही. डळमळणारा सूर नाचवायला चांगला, टेकायला उपयोगाचा नाही.

तिसरी वाट वारकऱ्यांच्या वीणेची. देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे चोखोबांचं जन्मस्थान मानलं जातं. शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी आषाढीला पायी पंढरपूरला जाते. त्यामुळे वीणा या भागात शोभेपुरती नसते. अखंड हरिनाम सप्ताहात ती आठही प्रहर कुणा ना कुणाच्या गळ्यात असते. एकाचा पहारा संपला की तो पाया पडून दुसऱ्याच्या गळ्यात देतो, जमिनीवर टेकवत नाही. तिच्या तारांत एक तार इतरांहून जाड असते. तीच खर्जाची. बाकीच्या तारा पातळ आणि तेजदार, ही जाड आणि मंद. तिची जाडी म्हणजे मर्सेनचा तिसरा नियम, वजनाचा.

बेस गिटार याच तिसऱ्या वाटेने जाते.

एकशे पाचची तार

१९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर याने प्रिसिजन बेस बाजारात आणला. त्याआधी खालच्या सुराचं काम उभ्या डबल बेसकडे होतं. ते माणसापेक्षा उंच, गाडीत न मावणारं, आणि ट्रम्पेट-ड्रमच्या गोंगाटात बुडून जाणारं वाद्य. फेंडरने ते आडवं करून खांद्यावर आणलं, पडदे बसवले, लोखंडी तारांखाली पिकअप ठेवला. मानेच्या टोकावरच्या नटपासून खालच्या ब्रिजपर्यंतची मोकळी तार ३४ इंच, म्हणजे साधारण ८६ सेंटिमीटर. बहुतेक बेस आजही याच मापाचे असतात.

आता गणित बघा. चार तारांचे सूर खालून वर ई, ए, डी, जी. सगळ्यांत जाड ई तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते, ए ५५, डी ७३ आणि जी ९८ वेळा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ कंपनांवर असतो. म्हणजे आपला ओळखीचा खर्ज बेसच्या ए आणि डी तारांच्या मधे कुठेतरी बसतो, आणि ई तार त्याच्याही बरीच खाली जाते. तानपुऱ्यापेक्षा आखूड तारेतून त्याहून खालचा सूर काढायचा, तर उरतं काय? वजन.

पण नुसती जाड सळई ताणून चालत नाही. जाड लोखंड ताठ असतं. ते तारेसारखं डोलण्याऐवजी पट्टीसारखं वागू लागतं आणि त्याचे वरचे स्वरांश मूळ सुराशी फटकून राहतात. यावरचा उपाय युरोपातल्या कारागिरांना सतराव्या शतकाच्या मध्यावर सापडला. आतला गाभा बारीक ठेवायचा आणि त्याभोवती दुसरी तार गच्च गुंडाळायची. ताण गाभा सोसतो, वजन गुंडाळी देते, आणि एकूण तार लवचीक राहते. व्हायोलिनच्या खालच्या तारेपासून पियानोच्या खर्जापर्यंत सगळीकडे हीच युक्ती आहे, आणि बेसच्या चारही तारा अशाच गुंडाळलेल्या असतात.

जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. दुकानदाराकडे किंवा मित्राकडे मुलं ‘पंचेचाळीस-एकशे पाच’चा सेट मागतात. त्यात सगळ्यांत बारीक जी तार ०.०४५ इंच आणि सगळ्यांत जाड ई ०.१०५ इंच, म्हणजे मिलिमीटरमध्ये १.१ आणि २.७ च्या आसपास. मधल्या दोन साधारण ६५ आणि ८५. नेहमीच्या सुरात लावल्यावर एकेका तारेवर साधारण १६ ते २३ किलोचा ओढा येतो. चौघींचा मिळून ८० किलोच्या घरात जातो, आणि तो रात्रंदिवस गिटारच्या मानेवर असतो. म्हणून त्या मानेच्या पोटात पोलादाची सळई घातलेली असते. तिला ट्रस रॉड म्हणतात.

खुंटी सोडली की काय होतं

ऑर्केस्ट्रात गाणाऱ्याचा घसा बसलेला असतो. ऐन स्टेजवर निरोप येतो: अर्धी पट्टी खाली घ्या. कीबोर्डवाला बटण दाबून मोकळा होतो. बेसवाल्याने काय करायचं?

अर्धी पट्टी, म्हणजे एक अर्धस्वर, उतरायला तारेचा ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो. एवढं नेहमीची तार निभावून नेते. बोटांना थोडी मऊ लागते इतकंच. ई ची डी केली, म्हणजे पूर्ण स्वराने खाली गेलं, तर ताण पाचव्या हिश्श्याने घटतो. आता जोरात छेडली तर तार पडद्यांवर आपटायला लागते आणि छेडल्याबरोबर सूर क्षणभर वर उडून मग खाली बसतो. सी पर्यंत नेली तर ३७ टक्के ताण गेलेला असतो. आणि बी पर्यंत नेली तर ४४ टक्के. एवढ्या ढिल्या तारेतून आवाज येतो, सूर येत नाही. धुमेची कणीक काढून वाद्या सोडल्यासारखा तो प्रकार आहे.

उलट बाजूने हिशोब केला तर उत्तर सापडतं. १०५ च्या तारेचा ताण कायम ठेवून डी हवा असेल तर जाडी साधारण ११८ हवी. बाजारात ११५ किंवा १२० मिळते, ती लावावी. बी हवा असेल तर गणित १४० म्हणतं. प्रत्यक्षात १३० ची तार सर्रास वापरतात आणि थोडा मऊपणा मान्य करतात, कारण त्यापलीकडे तार इतकी जाड होते की तिचं बोलणंच बोजड होतं. १२५ पासून १३५, १४० पर्यंत प्रत्येकाचा आपापला कौल असतो.

पाच तारांची बेस गिटार घेतली की ही बी तार आयतीच मिळते. तिची कंपनं सेकंदाला जेमतेम ३१. खालची बी असलेल्या बेसची वाट पाडणाऱ्यांत अमेरिकेतल्या अँथनी जॅक्सन याचं नाव येतं. त्याने १९७५ साली कार्ल थॉम्पसन या कारागिराकडून सहा तारांची बेस गिटार करून घेतली होती. तिच्यात खाली बी आणि वर सी होता. पण ज्याच्याकडे चारच तारांचं वाद्य आहे आणि दुसरं घ्यायला पैसे नाहीत, त्याच्यासाठी एक जुनी युक्ती आहे. पाच तारांचा सेट आणायचा, त्यातली सगळ्यांत बारीक तार बाजूला ठेवायची आणि उरलेल्या चार, १३०-१०५-८५-६५, बी-ई-ए-डी अशा लावायच्या. वरचे चार-पाच सूर गेले, पण ऑर्केस्ट्रात बेसवाल्याला ते फारसे लागतही नाहीत.

ही युक्ती करताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. नटच्या खाचा जुन्या तारांच्या मापाने कापलेल्या असतात, त्यात १३० ची तार बसत नाही. त्या बारीक कानशीने रुंद कराव्या लागतात. पण एकदा रुंद केल्या की जुनी तार त्यात सैल पडते, म्हणून आधी ठरवावं आणि मगच कानस उचलावी. दुसरं, मानेवरचा एकूण ताण बदलला की मान किंचित वाकते किंवा सरळ होते. ट्रस रॉड पाव फेऱ्याने फिरवून, थांबून, परत पाहून ती जागेवर आणावी. तिसरं, ब्रिजवरचे सॅडल मागेपुढे करून बाराव्या पडद्यावरचा सूर मोकळ्या तारेच्या बरोब्बर दुप्पट येतो का ते तपासावं. जाड तारेला सॅडल थोडा मागे लागतो. हे नीट झालं नाही तर वाद्य खाली बरोबर आणि वर बेसूर वाजतं, आणि मुलगा तारेला दोष देत बसतो.

लांबीचा नियमही विसरू नये. ३० इंचाची आखूड बेस लहान हाताला सोयीची, पण तीच तार त्याच सुरात लावली तर तिच्यावर ताण २२ टक्क्यांनी कमी पडतो. ज्याला खूप खाली उतरायचं आहे त्याने आखूड वाद्य घेऊ नये. ३५ इंचाचं मिळालं तर उत्तम.

पळस्प्याची वीणा

तारा जाड करून सूर खाली नेणं ही काही रॉक किंवा मेटल वाजवणाऱ्यांची मिरास नाही. महाराष्ट्रातच, आणि तेही ध्रुपदासारख्या सोवळ्या संगीतात, हा प्रयोग मोठ्या हिमतीने झालेला आहे.

उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांचा जन्म १९२९ चा, उदयपूरचा. पुढे ते मुंबईत आले आणि पनवेलजवळ पळस्प्याला त्यांनी गुरुकुल उभारलं. वाद्य रुद्रवीणा. परंपरेने मिळालेली वीणा त्यांच्या मनातल्या आलापाला पुरत नव्हती. त्यांना मंद्र आणि अतिमंद्र सप्तकात सावकाश फिरायचं होतं, एका स्वराचं आयुष्य वाढवायचं होतं. मग त्यांनी कलकत्त्याच्या कनाईलाल यांच्याकडून वीणाच नव्याने घडवून घेतली. भोपळे मोठे, दांडी जाड आणि पोकळ, तारा जाड, सूर खाली. आणि छेडायला नखीऐवजी उघडं बोट. जाड तारेवर धातूची नखी मारली की टणत्कार आधी येतो आणि नाद मागून. बोटाने छेडली की नाद आधी येतो. बेस वाजवणाऱ्यांचा पिक की बोट हा वाद आजही रंगतो. डागरांनी त्याचा निकाल आपल्या वाद्यापुरता कधीच लावून टाकला होता.

त्यांच्या वादनात एकाच पडद्यावरून तार ओढून घेतलेल्या लांब मींडी ऐकू येतात. तार जाड आणि ताण बेताचा, म्हणूनच ते शक्य होतं. किंमतही मोजावी लागली. असं वाद्य जलद गतींना सोडून देतं, आणि मोठ्या मंडपात ते चांगल्या मायक्रोफोनशिवाय पोचत नाही. १९९० साली ते गेले. त्यांचे पुत्र बहाउद्दीन डागर तीच मोठी वीणा आजही वाजवतात.

मुंबईतच अन्नपूर्णा देवी होत्या. वडील अल्लाउद्दीन खाँ यांनी त्यांना सतारीवरून सूरबहारकडे नेलं. सूरबहार म्हणजे मोठ्या अंगाची, जाड तारांची, खालच्या सुराची सतार. आलापासाठी सूरबहार आणि गतीसाठी सतार अशी वाटणी पूर्वीपासून होती. उलट विलायत खाँ यांनी सतारीवरच्या खर्जाच्या जाड तारा काढून टाकल्या, कारण त्यांना गळ्यासारखी गाणारी, मधल्या सप्तकात खुलणारी सतार हवी होती. रविशंकरांनी त्या ठेवल्या. दोन्ही सतारी थोर झाल्या. आपल्याला काय वाजवायचं आहे हे दोघांनी आधी ठरवलं होतं, तारा त्यानंतर आल्या.

या सगळ्याचं कारखानदारी टोक मिरजेत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या शिकलगार घराण्याने हत्यारांना धार लावता लावता तंतुवाद्यं करायला घेतली. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतलं जातं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे गेलं की तारांची भाषा कानावर पडते. जोडाला पोलाद, खर्जाला पितळ. पितळ पोलादापेक्षा थोडं जड आणि बरंच मऊ, म्हणून ते खालच्या सुराला कमी ताणात राजी असतं. त्याचा नादही ऊबदार. बेसच्या तारांतही निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद, शुद्ध निकेल आणि स्टेनलेस पोलाद असे प्रकार असतात. स्टेनलेस चकचकीत आणि बोटांना खरखरीत, शुद्ध निकेल मवाळ, आणि मुलाम्याचं दोन्हींच्या मधलं. पहिल्यांदा घेणाऱ्याने मधलं घ्यावं.

खुली जवारी, बंद जवारी

गुंडाळीचा आकार कसा आहे, यावर तारेचा स्वभाव ठरतो. बाहेरची तार गोल असेल तर ती राउंडवाउंड. तिच्यावर बोट फिरवलं की खरखर लागते, किर्र असा आवाजही येतो, आणि नादात वरचे स्वरांश भरपूर येतात. बाहेरून चपटी पट्टी गुंडाळलेली असेल तर ती फ्लॅटवाउंड. तिच्यावर बोट घसरतं, पडदे कमी झिजतात, नाद गोल आणि दबका येतो. गोल तार गुंडाळून मग वरून घासून अर्धवट सपाट केलेलीही मिळते. शिवाय काळ्या नायलॉनच्या फितीची मिळते. पडद्यांविना बेस वाजवणाऱ्यांना ती आवडते, कारण पट्टीच्या लाकडावर तिचा घासा पडत नाही.

तानपुऱ्याची जवारी ज्याच्या कानात आहे त्याला हा फरक समजवावा लागत नाही. घोडीच्या रुंद पाठीवर तार हलकेच घासत राहते आणि स्वरांशांचा पिसारा उघडतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहिला, त्यात हीच गोष्ट दाखवली. छेडण्याच्या जागी ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू येतो तो स्वरांश ऐकू येऊ नये असा पाश्चात्त्य नियम होता. तानपुऱ्याची आणि वीणेची घोडी तो नियम मोडते. राउंडवाउंड तार खुल्या जवारीच्या बाजूला झुकते, फ्लॅटवाउंड बंद जवारीच्या.

दोन्हींचे थोर पुरस्कर्ते एकाच काळात झाले. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत जेम्स जेमरसन १९६२ चा प्रिसिजन बेस वाजवायचा. त्यावर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा असायच्या. तो तारा तुटेपर्यंत बदलत नसे. जुन्या झालेल्या, घाम प्यालेल्या त्या दबक्या तारांवर त्याने एका बोटाने वाजवलेले बेस जगभर ऐकले गेले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ‘द हू’ या बँडचा जॉन एन्टविसल याला पियानोच्या खर्जासारखा खणखणाट हवा होता. १९६६ च्या आसपास रोटोसाउंड कंपनीने त्याच्या मागणीवरून स्टीलच्या राउंडवाउंड तारा तयार केल्या. एन्टविसल नव्या तारांचा इतका भुकेला, की त्या जरा मऊ झाल्या तर त्याला चालत नसत. एकाला जुनी तार हवी, दुसऱ्याला कोरी. दोघांचा बेस लगेच ओळखू येतो.

हिंदी सिनेमाच्या गाण्यांत राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. गोव्याहून आलेल्या वादकांनी मुंबईच्या स्टुडिओंत ही वाद्यं रुजवली. आज ऑर्केस्ट्रात तीच जुनी गाणी वाजवायची असतील तर फ्लॅटवाउंड किंवा निदान चांगल्या वापरलेल्या राउंडवाउंड तारा कानाला जवळच्या लागतात. कोऱ्या स्टीलच्या तारांवर सत्तरच्या दशकातलं गाणं वाजवलं की बेस पुढे येऊन गाणाऱ्याच्या शेजारी उभा राहतो. गाणाऱ्यांना ते खपत नाही.

घाटावर आणि घाटाखाली

आपल्या जिल्ह्याला दोन हवामानं आहेत. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगरात, उंचावर. उन्हाळ्यातही रात्री जरा सुसह्य. घाट उतरून मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगावच्या पट्ट्यात आलं की एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. लग्नसराई तेव्हाच. संध्याकाळी तापलेल्या मांडवात सूर लावला आणि रात्री हवा गार झाली की पोलादी तार आखडते आणि सूर वर चढतो. कार्यक्रमाच्या मध्यंतरात एकदा सूर तपासणं हे काही गोंधळल्याचं लक्षण नाही, ते बेसवाल्याचं कामच आहे. लाकडाची मानही कोरड्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वेगळी वागते. वर्षातून दोनदा ट्रस रॉडकडे पाहावं.

घाम हा तारेचा मोठा शत्रू. गुंडाळीच्या फटींत घाम, कातडीचा मळ, धूळ साचते आणि तार मंद होते. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने प्रत्येक तार खालून-वरून पुसली की तिचं आयुष्य वाढतं. पैशांची ओढाताण असेल तेव्हा वादक मंद झालेल्या तारा काढून पाण्यात उकळतात. मळ सुटतो, तार पूर्ण सुकवून परत लावली की काही दिवस पुन्हा तेज येतं. हे सारखं सारखं करू नये, प्रत्येक वेळी खुंटीवर गुंडाळताना तार थकते. बारीक लेप दिलेल्या तारा महाग, पण घामाच्या हाताला जास्त टिकतात. ज्याचे हात फार घामेजतात त्याने हिशोब करून पाहावा.

चिखली-खामगावात टाळ, मृदंग, पेटी, ढोलकी सहज मिळते. बेसचा सेट मात्र बहुधा मोठ्या शहरातून किंवा घरपोच मागवावा लागतो. साध्या सहा तारांच्या गिटारचा सेट काही शे रुपयांत येतो, बेसचा नावाजलेला सेट दोन-तीन हजारांच्या घरात जातो. म्हणून मागवताना तीन गोष्टी पाकिटावर वाचाव्यात. तारा किती, चार की पाच. लांबी ‘लाँग स्केल’ आहे ना. आणि जाडीचे आकडे. आखूड मापाचा सेट ३४ इंचाच्या वाद्याला लावला तर गुंडाळीचा जाड भाग खुंटीपर्यंत पोचत नाही आणि पैसे पाण्यात जातात. जाड तार खुंटीवर लावण्याआधी तिला पुरेशी लांबी सोडून वाकवून घ्यावं आणि मगच कापावं. गुंडाळी गाभ्यावरून सैल झाली की ती तार मेलीच.

आणखी एक गोष्ट ध्वनिवाल्याशी बोलून ठरवायची. ३१ कंपनांचा सूर लहान स्पीकर देऊच शकत नाही. मोबाइलवर तर नाहीच नाही. तरी कान त्याच्या वरच्या स्वरांशांवरून मूळ सूर ओळखतो. म्हणून खूप खाली उतरणाऱ्याने फार दबका नाद ठेवू नये. थोडा खडा नाद ठेवला तरच खालचा सूर कळतो, नाहीतर नुसती घरघर उरते. डीजेच्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर छातीत जे धडधडतं त्यात सूर कोणता हे कुणी सांगू शकत नाही. बेसवाल्याला सूर सांगावा लागतो. त्याचा सा चुकला तर गाणारा, पेटी, कीबोर्ड सगळे चुकीचे वाटतात, आणि चूक कुणाची हे मांडवात कुणालाच उमगत नाही.

निवडीचा क्रम

सुरुवात गाणाऱ्यापासून करावी. ज्यांच्यासाठी वाजवायचं त्यांच्या पट्ट्या लिहून काढाव्यात. बहुतेक गाणी ई च्या वरच बसत असतील तर पाचव्या तारेचा मोह सोडावा आणि ४५-१०५ चा निकेल मुलाम्याचा राउंडवाउंड सेट घ्यावा. दोन-चार गाणी डी मध्ये येत असतील तर फक्त ई ची तार ११५ किंवा १२० ची घ्यावी. निम्मी गाणी त्याच्याही खाली असतील तर पाच तारांचं वाद्य किंवा बी-ई-ए-डी. मेटल वाजवायचं असेल तर जाड सेट घेऊन अॅक्शन, म्हणजे पडद्यांपासून तारांची उंची, थोडी जास्त ठेवावी. भजन-भावगीत-जुनी गाणी हा मुख्य धंदा असेल तर फ्लॅटवाउंड एकदा लावून पाहावी. ती महाग असते, पण वर्षानुवर्षं टिकते.

मग हात. नव्या वादकाच्या बोटांना जाड सेट आठ दिवस जड वाटतो. म्हणून लगेच बारीक सेटकडे पळू नये. जड तार जोराचा प्रहार सोसते आणि सूर सोडत नाही, बारीक तार वेगात धावते आणि जोरात मारली की उडते. ज्याचा हात मुळात हलका त्याला ४०-१०० पुरतो. ज्याचा ठोका जोरकस त्याने ५०-११० कडे जावं.

शेवटचा कौल घरातल्या खोलीत मिळत नाही. एकट्याने वाजवताना जी तार सुरेख, भरजरी वाटते ती ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डच्या गर्दीत कधी कधी नाहीशी होते, आणि घरी रुक्ष वाटलेली तार मांडवात नेमकी जागा धरते. तेव्हा नवा सेट लावून दोन कार्यक्रम करावेत, मागच्या खुर्च्यांवरून कुणाकडून तरी मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्यावं आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे ऐकावं. बेस वेगळा ऐकू येतो का, हे पाहण्यात वेळ घालवू नये. गाणारा निश्चिंतपणे गातो आहे का ते पाहावं. गात असेल तर तारेच्या पाकिटावरचे आकडे वहीत लिहून ठेवावेत आणि पुढच्या खेपेला तोच सेट मागवावा.